मंडईपर्यंत

टेंभरे बाबू गेल्याचा फोन बालाघाटहून त्यांच्या मुलीनं केला, तेव्हा मी खाटेवर बसून एक फॉर्म भरत होतो. दरवर्षीचाच. सरकारी कार्डाच्या वर जी आरोग्याची पॉलिसी घेऊन ठेवली आहे, तिच्या नूतनीकरणाचा. 'पूर्वीचे आजार' या रकान्याशी माझं पेन नेहमी अडतं, तसं तेव्हाही अडलेलं होतं. मुलगी म्हणाली, "काका, बाबूजी सकाळी चहा पिता पिता गेले. त्रास काही झाला नाही."

मी म्हणालो, "बरं."

माणूस गेल्याच्या बातमीवर 'बरं' म्हणणारा या तालुक्यात मी एकटाच असेन. पण माझं हे जुनंच दुखणं आहे. जिथे बोलायचं तिथे माझी जीभ लुळी पडते, आणि जिथे गप्प बसायचं तिथे ती घोड्यासारखी सुटते. शाळेत पोरं यावर हसायची आणि मला वाटायचं आपण विनोदी शिक्षक आहोत.

हिरामण टेंभरे जन्मभर सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. बरीच वर्षं चिचगडकडे जंगलाच्या गावांत काढली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या अर्जुनी मोरगावला, तलावाच्या पाळीपलीकडे, चार एकर धानाच्या कडेला घर बांधून राहिले. काडीसारखा माणूस. बाह्या नेहमी कोपरापर्यंत दुमडलेल्या, जणू आत्ता कुणाला तरी सुई टोचायची आहे. हातात बारा महिने छत्री. दवाखाना सुटला तरी दवाखान्याच्या सवयी सुटल्या नव्हत्या. कुठलीही बाटली ते आधी हलवत आणि मग उघडत. पाण्याचीसुद्धा. एकदा माझ्याकडे जेवायला आले असता त्यांनी ताकाचा तांब्या असा काही हलवला की अर्धं ताक माझ्या धोतरावर आलं. "सवय हाय गुरुजी," एवढंच म्हणाले आणि उरलेलं ताक शांतपणे प्याले.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गोळ्या राहत. बाजारात कुणी नमस्कार केला की बाबू डोळे बारीक करून पाहत आणि मग म्हणत, "हां, तुमी ते सकाळी अर्धी, रात्री एक." समोरचा माणूस ओळख पटल्याच्या आनंदात मान हलवायचा.

आम्हा निवृत्तांजवळ सरकारचं कार्ड असतं. यादीतल्या आजारावर, यादीतल्या दवाखान्यात, ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्यावर उपचार होतात. यादीबाहेरचं आणि मर्यादेच्या वरचं आपलं आपण पाहायचं. म्हणून लोक वरून एक खासगी पॉलिसी घेतात, तिला टॉप-अप म्हणतात. बाबू समजावून सांगत, "कार्ड म्हंजे छप्पर. पन जिथं ठिबकते तिथं भांडं ठेवा लागते का नाई? टॉप-अप म्हंजे ते भांडं. आता भांडं कुठं ठेवाचं हे पाहाले आधी छप्पर कुठं फुटलं ते मालूम पाहिजे." हे काम, छप्पर पाहण्याचं, त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. बिनपैशाचं. तालुक्यातले निवृत्त शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, सगळे कागदांची पिशवी घेऊन त्यांच्या पडवीत यायचे.

मी मात्र गेलो नव्हतो. मी शिकलेला माणूस, मला कंपाउंडर काय सांगणार? गोंदियाहून एक गोडबोल्या एजंट आला, "सर, आप तो बिलकुल फिट लगते हो" म्हणाला, आणि वर एक थर्मास भेट देतो म्हणाला. मी सही केली. थर्मास घेऊन ऐटीत बाबूंकडे दाखवायला गेलो.

बाबूंनी पॉलिसी उलटी धरली. म्हणजे शेवटच्या पानापासून वाचायला लागले. ती त्यांची रीत. "पयल्या पानावर सारे हसून राहिले असतात," ते म्हणायचे, "म्हातारा हसते, म्हातारी हसते, नातू हसते. रोग सारे मांगच्या पानावर." जाड भिंग अक्षरांवरून सरकत सरकत मध्यापर्यंत आलं आणि थांबलं.

"गुरुजी, तुमचं वय किती?"

"एकसष्ट."

"अन् आमच्या वहिनींचं?"

"अठ्ठावन्न. काऊन?"

"नाई, याच्यात बाळंतपन धरलं हाय. दोन येळचं. तुमचा काई इचार असन तं चांगली हाय पॉलिसी." मग पान उलटून म्हणाले, "मोतीबिंदू नाई, गुडघा नाई, साखर नाई. पाळणा मात्र हाय."

आतून हसण्याचा आवाज आला. त्या यमुनावहिनी, बाबूंच्या बायको. चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हाही पदराआड हसत होत्या. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या, आणि हसल्या की डोळे पार मिटायचे. "गुरुजी भाऊजी, थर्मास तं द्या इकडे," त्या म्हणाल्या, "बारशाले कामी येईन." तो थर्मास त्यांच्याच घरी राहिला.

त्या दिवसापासून मी त्यांच्या पडवीतला कायमचा प्रेक्षक झालो. आणि तिथेच मी बाबूंचा तो प्रसिद्ध नियम पाहिला, ज्यासाठी लोक त्यांना शिव्याही घालत आणि मानतही. नवरा एकटा आला तर ते फॉर्मला हात लावत नसत. "बायकोले घेऊन या."

निवृत्त केंद्रप्रमुख कटरे सर आले होते, त्यांची गोष्ट सांगतो. सर म्हणाले, "तिले कायले आनाचं? तिले काईच नाई. दगडासारखी हाय."

"दगडाले पन घेऊन या," बाबू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कटरे काकू आल्या. बाबूंनी सरांना माझ्याबरोबर अंगणात बसवलं आणि काकूंना पडवीत यमुनावहिनींच्या शेजारी. यमुनावहिनी तांदूळ निवडत बसायच्या. बाईला बाईजवळ बोलताना संकोच वाटू नये म्हणून. बाबू खाली मान घालून फक्त लिहायचे. अंगणातून आम्हाला ऐकू येत होतं. गुडघे. मग डोळ्यांपुढे अंधारी. मग दोन वर्षांपासून लघवीला जळजळ. मग डाव्या कानानं ऐकू न येणं. कटरे सर उठून उभे राहिले.

"डाव्या कानानं नाई ऐकू येत?" ते मला विचारत होते, जणू तो कान माझा होता. "मंग मी रोज बोलतो ते?"

"ते तुमी उजवीकडून बोलत असाल," मी म्हणालो. पाहा, जीभ.

सर काकूंना घेऊन गेले तेव्हा पाळीवरून चालताना त्यांनी बाजू बदलली आणि त्यांच्या उजव्या हाताला आले. मी ते पाहिलं. बाबूंनीही पाहिलं. म्हणाले, "आपल्या इथली बाई रोग माहेरच्या गाठोड्यासारखा ठेवते. कोनी मांगितल्याशिवाय सोडत नाई. मांगा लागते, गुरुजी. अन् फॉर्मवर लपवाचं नाई. आज लपवलं तं उद्या दवाखान्याच्या दारात ते कागद काढतात अन् म्हनतात, हे तं आधीपासून होतं."

ती पाळण्याची पॉलिसी सोडून नवीचा फॉर्म भरताना मी साखरेचा रकाना कोरा सोडला, तर त्यांनी मान वर न करता लिहून टाकलं आणि म्हणाले, "सकाळी एक, रात्री एक. अन् शनिवारच्या बाजारात जिलबी." माझी बायको सुमन ते ऐकून माझ्याकडे अशी पाहत राहिली की त्या शनिवारपासून जिलबी बंद झाली.

आजार खरा लिहिला की पॉलिसीत वाट पाहावी लागते. आधीपासूनच्या दुखण्याला तीन वर्षं काही मिळत नाही, आणि त्या दुखण्यातून निघालेल्या दुसऱ्या दुखण्यालाही नाही. बाबू प्रत्येकाला हे सांगत. जोडीनं एक गोष्टही सांगत. त्यांच्या ओळखीच्या एका माणसाचं हृदयाचं ऑपरेशन कार्डावर झालं, पण नंतर गुंतागुंत झाली, मुक्काम लांबला, मर्यादा संपली आणि घरच्यांना बांधीचा, म्हणजे धानाच्या शेताचा, तुकडा विकावा लागला. "छप्पर फुटलं अन् खाली भांडं नोतं," असा त्या गोष्टीचा शेवट असे. किती वेळा ऐकली असेल ती मी. आणि मी तर कधीमधी जाणारा. तांदूळ निवडणाऱ्या बाईनं प्रत्येक वेळी ऐकली.

यमुनावहिनींचा रक्तदाब बाबूंना ठाऊक होता. गोळी तेच द्यायचे. त्यामुळे त्यांच्या स्वतःच्या पॉलिसीत ते प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं, आणि तीन वर्षांची वाट लागू होती. ती संपायची होती ऐन मंडईच्या दिवसांत. मंडई म्हणजे आमच्याकडे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली, धान कापणीला आलं, की गावोगाव एकेक दिवस जत्रा भरते, पाहुणे येतात, रात्रभर नाटक चालतं. आमच्या गावच्या मंडईच्या आगेमागेच ती तारीख होती.

रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मी एकदा त्यांच्याकडे गेलो. वहिनी बांधीतून आल्या होत्या, पायांना चिखल, आणि पडवीच्या पायरीवर जरा टेकल्या होत्या. एक हात छातीवर. धापा टाकत होत्या असं आज म्हणता येईल. तेव्हा मला वाटलं, ऊन आहे, चिखल आहे, साठी उलटलेली बाई आहे. बाबू आत कागद शोधत होते. मी म्हणालो, आणि माझ्या बाजूनं मी मोठा विनोद केला, "वहिनी, मंडईपर्यंत आजारी पडाचं नाई हं. तुमची पॉलिसी अजून पिकाची हाय."

त्या हसल्या. डोळे मिटून. "नाई पडत, भाऊजी," म्हणाल्या. "मंडईपर्यंत तं थांबतो."

आमच्याकडे बायकाही 'थांबतो' असंच म्हणतात.

धान कापणीला लागलं होतं. मंडईला दहा-बारा दिवस राहिले असतील. सकाळची वेळ, दव अजून वाळलं नव्हतं. वहिनी मजुरांना चहा द्यायला बांधीवर गेल्या. तोच थर्मास होता हातात. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसल्या, म्हणाल्या, "जरा बसतो." मजूर बायकांना वाटलं, थकल्या. चहा ओतायला कुणी उठलं तेव्हा त्यांची मान एका बाजूला कलली होती. गाडी आली, साकोलीच्या दवाखान्यापर्यंत नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि बाबूंना ओळखत असल्यामुळे बाजूला होऊन त्यांना जागा दिली. बाबूंनी स्वतःच नाडी पाहिली. बराच वेळ मनगट धरून उभे होते. जन्मभर मनगटं पाहिली ती दुसऱ्यांची.

मंडई झाली. आमच्याकडे पाहुणे आले, गेले. तिसऱ्या दिवशी सुमन भांडी घासता घासता थांबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्यांना रोवणीपासून छातीत धरत होतं. मला सांगितलं होतं. शपथ घातली होती."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"म्हणाल्या, भाऊजी म्हणाले मंडईपर्यंत थांबा. तारीख निघाली की यांना सांगतो, नाहीतर हे बांधी विकतील. मला वाटलं, तुम्हीच म्हणालात म्हणजे तसंच असेल. शिकलेले तुम्ही."

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ गाढवपणा केला आहे आणि तो रंगवून सांगून लोकांना हसवलंही आहे. थर्मासची गोष्ट तर मी तीन लग्नांत सांगितली. पण ही एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आठ दिवस बाबूंच्या घराकडचा रस्ता टाळला. दूध आणायला तलावाला उलटा वळसा घालून जाऊ लागलो. नवव्या दिवशी सुमन म्हणाली, "जा."

बाबू पडवीत बसले होते. समोर वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या मांडून ठेवलेल्या, शिस्तीत, एकीखाली एक. दवाखान्यात ते गोळ्या मांडायचे तशा.

"धानाच्या कोठीत सापडल्या," ते म्हणाले. "खालून तोंड हाय ना कोठीले, तिथं. गॅसची गोळी हाय ही. किराण्याच्या दुकानात भेटते. पाहा किती खाल्ल्या. छातीत जळून राहिलं तं तिले वाटलं गॅस होय. का गॅस होय असं सोताले सांगत होती, कोन जाने." त्यांनी एक पट्टी उचलली, उजेडाकडे धरली, परत जागेवर ठेवली. "मी कंपाउंडर. साऱ्या तालुक्यात कोन कोनती गोळी खाते ते मले पाठ. अन् माझ्या घरात..."

मी सांगून टाकलं. रोवणीचा दिवस, पायरी, माझा विनोद, सगळं. सांगताना माझा आवाज शाळेत चूक कबूल करणाऱ्या पोरासारखा होत होता, आणि त्याचीही मला लाज वाटत होती.

बाबू ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुमी तं एकडाव बोलले, गुरुजी. मी रोज बोलत होतो. तिच्याच समोर." थोड्या वेळानं म्हणाले, "साऱ्यांच्या बायका मी इथं बसवल्या. तिचा फॉर्म मात्र मी गोंदियाहून येता येता, एसटीत भरला. तिले का इचाराचं? मले तं मालूमच होतं."

मग त्यांनी पिशवीतून कार्डासोबत मिळालेली सरकारी पुस्तिका काढली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना एखादा कागद पहिल्या पानापासून उघडताना पाहिलं. बोट ठेवलं आणि पुस्तिका माझ्याकडे सरकवली. हृदयाची तपासणी, रक्तवाहिनीतला अडथळा काढणं, सगळं यादीत होतं. कार्डावर, पहिल्या दिवसापासून, कसलीही वाट न पाहता. वहिनींना भांड्याची गरजच नव्हती. छप्पर त्या जागी धड होतं.

"पयलंच पान हाय," बाबू म्हणाले. "हे मी कोनाले वाचून दाखवलं नाई. ठिबकते कुठं, तेच सांगत राहिलो."

पडवी बंद झाली. लोक पिशव्या घेऊन येत, कुलूप पाहून परत जात. बाबू असत घरातच, पण आतून कडी. मुलगी बालाघाटला चला म्हणून मागे लागली होती. धान विकून झालं, बांधी ठोक्यानं कसायला दिली, निघायचा दिवस ठरला असंही कळलं. मला वाटलं, आता भेट होत नाही. मीही गेलो नाही. काय तोंड घेऊन जाणार?

निघायच्या आदल्या दिवशी, उन्हं कलायच्या आत, ते स्वतः आमच्या दारात आले. बाह्या कोपरापर्यंत, हातात छत्री, काखेत माझ्या पॉलिसीचा नूतनीकरणाचा कागद. तो महिन्याभरापूर्वी मी त्यांच्या पडवीत विसरून आलो होतो. मी खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"वहिनी कुठं हायत?"

"आत. चहा टाकते आहे."

"तुमी जरा बाहेर बसा," ते म्हणाले. माझ्याच घरात मला.

मी ओट्यावर बसलो. कटरे सर बसले होते तसा. आत आधी काही ऐकू आलं नाही. मग बाबूंचा आवाज, अगदी हळू, "वहिनी, आता इथं दुसरी बाई नाई बसाले. मलेच तुमची भैन समजा. काई लपवून राहिल्या काय?"

चहा उतू गेल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही. मग सुमन बोलायला लागली. शब्द कळत नव्हते, नुसता स्वर येत होता, आणि तो थांबत नव्हता. छत्तीस वर्षं मी त्या बाईबरोबर राहतो. एवढं सलग ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. किंवा बोलली असेल आणि मी मध्ये विनोद केला असेल.

बाबू बाहेर आले. चपला घालता घालता म्हणाले, "उद्या सकारच्या गाडीनं त्यायले गोंदियाले घेऊन जा. पॉलिसी राहू द्या. कार्ड घेऊन जा. यादीत हाय ते, मी पाहून आलो."

"काय झालंय तिला? काय म्हणाली?"

त्यांनी छत्री काखेत मारली. "मले कायले इचारता, गुरुजी? आत बसल्या हायत. इचारा न."

ते निघाले. पाळीवर चढले, तलावाच्या कडेनं चालू लागले. पाणी उतरलं होतं आणि त्या कलत्या उजेडात ते नेहमीपेक्षाही बारीक दिसत होते. मी ओट्यावरच उभा होतो. पाय आत वळत नव्हते. एवढी वर्षं वर्गात शंभर पोरांना प्रश्न विचारले मी, आणि त्या क्षणी मला एक प्रश्न कसा विचारतात ते आठवेना.

पाळीच्या वळणावर मोहाचं झाड आहे. तिथे बाबू थांबले आणि मागे वळले. मी तसाच उभा आहे हे त्यांनी पाहिलं. बोलण्याइतके जवळ नव्हते. त्यांनी छत्री उचलली आणि दाराकडे दाखवली. मी हललो नाही. त्यांनी पुन्हा दाखवली, आणि छत्री तशीच धरून उभे राहिले.

मी आत गेलो.